उष्टं रीळ

मधुकरराव,

परवा तुमच्या गोडजेवणाच्या दिवशी मी माईंना डोक्यावर उभं केलं. प्रत्यक्ष नाही हो, पडद्यावर. सासूबाईंच्या बाबतीत माझी तेवढीच छाती.

पाहुणे दुपारच्या गाडीने गेले, ताटं घासून झाली, आणि तुमची कुसुम म्हणाली, "भाऊजी, ते मशीन लावता का? मला एकदा सगळं बघायचंय." खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर पडदा बांधला. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसलो, तेव्हा मशीन मला चालवता येत असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. रीळ चढवलं, दिवा लावला, आणि पाहतो तर माई खाली डोकं वर पाय करून पापड लाटताहेत. लाटलेला पापड आक्रसत आक्रसत परत लाटी होतोय, आणि ती लाटी परातीतल्या पिठात जाऊन मिसळतेय. रीळ मी शेपटीकडून चढवलं होतं. पाहून झालं की ते उलटं गुंडाळून ठेवायचं असतं, हे तुम्ही मला निदान दहादा सांगितलं होतंत.

पहिलं हसलं कोण? कुसुम. तेरा दिवसांत पहिल्यांदा. मग पोरं हसली, मग खुद्द माई. मला वाटलं, चला, या घराला पुन्हा मी हसवलं. तेवढ्यात माई डोळे पुसत म्हणाल्या, "धाकटे जवाईबापू असते ना, तर पोट धरधरून हसले असते."

संपलं. ते हसूही तुमच्याच पदरात. मेल्यावर माणसाने इतकं हावरट असू नये, मधुकरराव.

मी तुमच्यावर जळत होतो. हे एक वाक्य लिहायला मला तुमच्या मरणाची वाट पाहावी लागली, यावरून माझं शौर्य तुमच्या लक्षात येईल. हे लिहिलेलं कुठल्या मासिकाला जाणार नाही, वहीतच राहील. लोकांना वाटतं, बायका बहिणी म्हणजे त्यांचे नवरे भाऊ. कसले भाऊ! साडू म्हणजे एका सासूच्या पंक्तीला बसलेले दोन पाहुणे, आणि दोघांचाही एक डोळा दुसऱ्याच्या वाटीत.

तुम्ही यायच्या आधी सहा वर्षं मी या घरचा एकटा जावई होतो. सासरे लवकर गेलेले. घरात माई आणि शाळेत जाणारी कुसुम. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातलं आमचं बिऱ्हाड तिथून दोन गल्ल्यांवर, म्हणून दर रविवारी मी आणि सुमन तिकडेच जेवायला. जेवणावर बडीशेप, आणि बडीशेपेवर माझी गोष्ट. सगळ्यांत चालणारी गोष्ट होती वाघाची. माझे चुलत आजोबा असीरगडावरून उतरताना वाटेत वाघाला भेटले, पळता पळता दरीत पडले आणि तीन दिवस एका मुळीला लोंबकळून राहिले. आजोबा खरे, असीरगड खरा. वाघ दरसाल चार बोटं वाढायचा आणि दरी दहा हात खोल व्हायची. माईंना हे कळत नसेल असं नाही, पण त्या दर खेपेला "बाई गं!" म्हणायच्या. माणसाला आणखी काय हवं?

मग तुम्ही आलात. तापीपलीकडच्या केळीवाल्या शेतकरी घरातले, स्टेशनात केळीच्या वॅगनी भरून घ्यायचं काम करणारे. बोलणं इतकं कमी, की लग्नात आमच्या मावशीने हळूच विचारलं, "मुलगा मुका तर नाही ना?" पण पहिल्याच रविवारी मी वाघाला झुडपातून बाहेर काढला आणि पाण्याचा घोट घ्यायला थांबलो, तेव्हा तुम्ही पुढे सरकून विचारलंत, "मग, भाऊसाहेब? पुढे?" इतकं मनापासून 'पुढे' मला कुणीच विचारलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी तुम्हाला पुष्कळ काही माफ केलं असतं.

तुम्ही मात्र कॅमेरा आणलात.

भुसावळचा एक गोरा रेल्वेसाहेब चंबूगबाळं आवरून विलायतेला चालला होता. त्याच्या सामानातून तुम्ही तो चावीचा सिनेमाचा कॅमेरा आणि सिनेमा दाखवायचं मशीन उचलून आणलंत. झाकलेलं मशीन पाहून कुसुमला वाटलं, शिवणयंत्र आलं. उघडल्यावर ती तुमच्याशी आठ दिवस बोलली नाही. तुमच्या घरात ते लक्षात यायलाही चार दिवस गेले असतील म्हणा.

रीळ मुंबईला टपालाने धुवायला पाठवायचं, महिन्याने परत यायचं, आणि महिन्याची वाट पाहून चार मिनिटांचा सिनेमा. पहिल्या सिनेमात कुणालाही डोकं नव्हतं. हात होते, पदर होते, पोटं होती, पण मान आली की चित्र संपलं. दुसऱ्यात तुम्ही कॅमेरा झाडूसारखा फिरवला होता. माईंना घेरी आली, लिंबू चोखायला द्यावं लागलं. तिसऱ्यात काहीच नव्हतं, कारण भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं होतं. फार सुखाचे दिवस होते ते. कचेरीत मी तुमच्या सिनेमांच्या गोष्टी सांगायचो आणि लोक माझ्यावर खूश व्हायचे.

पण तुम्हाला लाज नावाची चीजच नव्हती. "मी शिकाऊ माणूस," एवढं म्हणायचं आणि पुढचं रीळ मागवायचं. वॅगनच्या जुन्या कागदांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवायचात: 'फार हलला. थांबायला शिकणे.' 'ऊन पाठीशी घेणे.' 'डोकी मोजणे.' हे शेवटचं वाचून मी आठवडाभर हसलो होतो.

पाचव्या का सहाव्या रिळात तुम्ही थांबायला शिकलात. आपल्या गल्लीच्या तोंडाशी कुलपं दुरुस्त करणारा बसायचा, तो तुम्ही कॅमेऱ्यात घेतलात. नुसते त्याचे हात. कानशीने किल्ली घासतोय, घालून बघतोय, परत घासतोय. आम्ही म्हटलं, हे काय दाखवताय? आणि कुलूप खट्‌कन उघडलं, तसा तो कुणाकडेही न बघता, स्वतःशीच हसला. मुका सिनेमा, पण ते 'खट्‌' सगळ्यांना ऐकू आलं. मी तुमच्यावर पहिल्यांदा जळलो तो तेव्हा. त्या माणसावरून मी रोज कचेरीत जात होतो. ते हसू मला कधी दिसलं नव्हतं.

आणि पडदा कशाचा? माझ्या धोतराचा! आधीच्या धोंड्याच्या महिन्यात माईंनी मोठा जावई म्हणून मला दिलेलं, बुऱ्हाणपूरच्याच मागावरचं, बिनवापराचं. भिंतीवर ताणलं की खाली लाल काठ दिसायचा. तुमच्या सिनेमातली यच्चयावत माणसं माझ्या धोतराच्या काठावरून चालत गेली. मोठ्या जावयाचा मान भिंतीला खिळे ठोकून टांगला होता, आणि तो टांगायला स्टुलावर चढायचो मीच.

त्यातच आपलं राज्य बदललं. नाव तेच, मध्य प्रदेश, पण नागपूर त्यातून उठून गेलं आणि राजधानी भोपाळला जाऊन बसली. आपण बसल्या जागी नव्या राज्याचे झालो. कचेरीत माझ्या निम्म्या ओळखी पुसल्या गेल्या. पोरं हिंदी शाळेत. गोष्ट ऐकता ऐकता विचारायची, "काका, दरी मतलब खाई ना?" आता खाई या शब्दात मजा नाही हो. दरीत पडलेल्या माणसाची हाक वर येते, खाईतला तळाशीच राहतो. आणि तुमचा सिनेमा? त्याला ना मराठी लागे ना हिंदी. शेजारचे विणकर चाचा, समोरची गुजराती काकू, सगळे रविवारी येऊन बसायला लागले. "वा मधुकरबाबू, क्या बात है!" नवं राज्य तुम्हाला मानवलं. मी जुन्या राजधानीसारखा बाजूला.

आपला वाद आठवतो? मी म्हणालो होतो, "तुम्ही जे समोर आहे तेच दाखवता. मी नसलेला वाघ उभा करतो. तुमच्या कामात तुमचं असं काय?" तुम्ही बराच वेळ चावी पुसत बसलात आणि म्हणालात, "थांबणं." मी म्हटलं, हे काय उत्तर झालं? तेवढ्यात कुसुमने चहा आणला, आणि तुम्ही चहा पिऊन वॅगन भरायला निघून गेलात. माझं पुढचं बोलणं तयार होतं. अजून आहे.

मग आपण सगळे असीरगडला सहलीला गेलो, आणि तुम्ही ती वाट कॅमेऱ्यात घेतलीत. माझी वाट, वाघाची.

महिन्याने रविवारी ती माझ्या धोतरावर आली. माई पुढे वाकून बघत होत्या. "ही ती वाट?"

"हीच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"अन् दरी कुठे गायब झाली?"

दरीच्या जागी एक ओहोळ होता. तुम्ही तिथे थांबला होतात, तुमच्या नव्या सवयीने. एक शेळी आली, पाणी प्यायली आणि दोन पावलांत पलीकडे गेली.

"जवाईबापू," माई म्हणाल्या, "एवढ्याशा ओहोळात तुमचे आजोबा तीन दिवस लोंबकळत होते?"

हशाने घर कोसळलं. चाचांना कुणीतरी हिंदीतून समजावून सांगितलं, मग ते वेगळे हसले. एकटे तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पावसाळ्यात वाढत असेल, माई." तुमचा तो चांगुलपणा मला सगळ्यांच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबला.

पण खरा घाव त्याच रिळात पुढे होता. गडाच्या पायऱ्यांवर सुमन बसली होती. वाऱ्याने केस सुटले होते, तोंडात आकडा धरून ती ते बांधत होती. तिला ठाऊकही नव्हतं, तुम्ही घेताय ते. केस बांधून झाले, तिने खाली तापीच्या बाजूला पाहिलं, आणि बस्स. घरी जाताना ती गल्लीत मधेच थांबली.

"मी अशी दिसते?"

"कशी?"

"तशीच हो. आत्ता दिसले तशी." मग चालता चालता म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्या गोष्टी ऐकतेय. वाघ आहे, चोर आहेत, नागपूरचे साहेब आहेत. एकाही गोष्टीत मी नाही." घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, त्या सुरात. तक्रार असती तर मी उत्तर दिलं असतं.

त्या दोन गल्ल्यांत मी तुमचा तीनदा खून केला.

हे सगळं सांगतोय ते यासाठी, की यापुढचं तुम्हाला नीट कळावं. यापुढचं तुम्हाला ठाऊक नाही. की आहे?

धोंड्याचा महिना पुन्हा आला. दोन्ही लेकी, दोन्ही जावई, माईंचे अनारसे. सकाळीच तुम्ही जाहीर केलंत, "आज भाऊसाहेबांची वाघाची गोष्ट घेणार. अख्खं रीळ." असीरगडची भरपाई करत होतात तुम्ही, आज कळतं. मी नको नको म्हणत बसलो आणि सुरू झालो. वाघ आला, मी हात पसरले, डोळे फिरवले. तुम्ही समोर कॅमेरा धरून, एकदाही न हलता. आणि मला पोरांची कुजबुज ऐकू आली: "पडद्यावर काका नुसतेच हात हलवणार! एकदम बंदर!"

खरंच की. आवाजाशिवाय मी. माझ्याच धोतरावर. चाचांसमोर, गुजराती काकूसमोर. गोष्ट आटोपती घेऊन मी उठलो. तुमची चावी अजून उरली होती, म्हणून मी उठून गेल्यावर मागे राहिलेल्या अंधाऱ्या दारावर तुम्ही कॅमेरा तसाच धरून ठेवलात.

रीळ काढून, अंधारात पुन्हा उलटं गुंडाळून तुम्ही डबीत घातलंत आणि डबीला लाल दोरा बांधलात, नेहमीसारखा. एकदा उजेड खाल्लेल्या रिळावर पुन्हा चित्र काढता येत नाही, हे तुम्ही पूर्वी कधीतरी समजावलंत, तेव्हा माई म्हणाल्या होत्या, "म्हणजे रीळ उष्टं झालं म्हणा ना!" तेव्हापासून आपल्या घरात रिळं दोनच प्रकारची. बिनदोऱ्याचं कोरं, दोऱ्याचं उष्टं.

दुपारी वाण द्यायच्या वेळी तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात. "आता तुम्ही घ्या, भाऊसाहेब. माझा अन् कुसुमचा. मी कधी त्या बाजूला बसलोच नाही." कुसुम लग्नातला शालू नेसून तयार होती. "कोठीत दोन डब्या आहेत. दोरा नाही ती घ्या. अंधारातच घाला."

मी कोठीत गेलो. दार लोटलं. फटीतून येणाऱ्या उजेडात दोन्ही डब्या दिसत होत्या.

चूक झाली नाही, मधुकरराव. मी लाल दोरा सोडला, उष्टं रीळ कॅमेऱ्यात घातलं आणि दोरा कोऱ्या डबीला बांधला. गाठसुद्धा तुमच्यासारखी दुहेरी मारली. माझं माकड पुसलं जावं म्हणून. आणि, आता खोटं कशाला, तुमचाही सण नासावा म्हणून. त्यातलं कुठलं किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

बाहेर येऊन मी तुम्हाला घेतलं. तुम्ही पाटावर, शेजारी कुसुम. माईंनी ओवाळलं. बायकांचा गलका, पोरांची अनारशांवरून मारामारी. शेवटी माई कुसुमची ओटी भरायला वळल्या, कुसुम मान खाली घालून पदर सावरत होती, तेव्हा तुम्ही थेट भिंगाकडे बघून, हसून, हळूच म्हणालात, "भाऊसाहेब, उष्टं तर नाही ना घातलंत?"

गंमत केलीत. मीही हसलो. पाठीमागे ओटीचं ताट घेऊन उभी असलेली सुमनही हसली. चावी संपेपर्यंत मी घेतच राहिलो.

महिन्याने मुंबईहून एक रीळ काळं कुट्ट आलं. दुसऱ्यात मी वाघ सांगत होतो आणि माझ्या पोटात तुम्ही दोघं पाटावर बसला होतात. माईंचं निरांजन माझ्या तोंडातून आत जाऊन कानातून बाहेर येत होतं. घर हसून लोळलं. 'भुताचा सिनेमा' असं त्याचं बारसंही झालं. हसली नाही ती कुसुम. आणि तिच्याकडे बघून तुम्ही.

तुम्हाला वाटलं, मुंबईच्या धुणाऱ्यांनीच तुमची दोन रिळं एकावर एक चढवली. त्यांना तीन पत्रं गेली. इंग्रजी मसुदे माझे. "भाऊसाहेब, काय इंग्रजी आहे हो तुमचं!" तुम्ही म्हणालात. त्यांचं उत्तर सभ्यपणे आलं, की आमच्याकडे असं होणं शक्य नाही. मग एका रविवारी, माणसं पांगल्यावर, मशीनवर फडकं घालता घालता तुम्ही विचारलंत, "भाऊसाहेब, दोरा होता ना?"

"होता," मी म्हणालो. खोटं नव्हतं. कुठल्या डबीला होता, ते तुम्ही विचारलं नाहीत. की तेच विचारत होतात? मला बोलायला जागा करून देत होतात? तुम्ही थांबलातही होतात, हातात फडकं धरून. मला थांबणं कळत नाही. मी हवापाण्यावर बोलायला लागलो.

"मग माझंच काही चुकलं असेल," तुम्ही म्हणालात. "शिकाऊ माणूस."

तेव्हापासून रीळ बदलताना तुम्ही मला साक्षीला उभं करायला लागलात. "बघा हं भाऊसाहेब, दोरा बांधला. तुम्ही बघितलंत ना?" चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! जो माणूस बिनडोक्याच्या सिनेमाने खचला नव्हता, त्याला मी एका दोऱ्याने स्वतःवर शंका घ्यायला लावली. दोन रिळं आणखी घेतलीत, दोन्ही दुसऱ्यांची. मग परदेशी रिळं मिळेनाशी झाली. "पुढल्या साली मिळतील," तुम्ही म्हणायचात, "मग कुसुमचा अन् माझा पुन्हा घेऊ." तुम्हाला चार दिवस ताप आला, आणि पुढलं साल राहिलं.

परवा माईंना सरळ उभं करून आम्ही तुमचे सगळे सिनेमे पाहिले. तुम्ही कुठेच नव्हतात. एकदा घाटावर तुमची सावली, एकदा कोपऱ्यात तुमचं बोट. पोरांनी "बाबांचं बोट!" म्हणून टाळ्या वाजवल्या. मग कुसुम म्हणाली, "ते भुताचं लावा."

"अगं, ते खराब—"

"उष्टं तर उष्टं. लावा, भाऊजी."

या वेळी कुणी हसलं नाही. मी हात हलवत होतो आणि सगळे माझ्या हातांच्या पलीकडे तुम्हाला शोधत होते. आयुष्यात एवढं टक लावून माझ्याकडे कुणी पाहिलं नसेल, आणि त्या सगळ्यांना मी मधून सरकायला हवा होतो. आणि मग मी उठून गेलो. मागे ते अंधारं दार उरलं, आणि त्या अंधारात, तीन-चार श्वासांपुरते, तुम्ही स्वच्छ दिसलात. हसलात. ओठ हलले.

कुसुमने ते चारदा लावायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणाले ते? कॅमेऱ्यामागे तुम्हीच होतात. तुम्हाला ऐकू आलं असेल."

मी सुमनकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

मी क्षणभरही अडखळलो नाही. इतक्या वर्षांचा सराव आहे. म्हणालो, "म्हणाले, भाऊसाहेब, माझं सोडा. तिला नीट घ्या. किती सुंदर दिसतेय बघा आज."

कुसुमने तोंडावर पदर धरला. "असं म्हणाले? मला तर कधी म्हणाले नाहीत हो."

"तसेच होते ते," मी म्हणालो.

बघा आता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वाक्य मी तुमच्या तोंडी घातलं, आणि ते घेऊनही तुम्हीच गेलात. जळू नको तर काय करू?

पण ते तिथे संपलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "भाऊजी, मुंबईवाल्यांना एक पत्र लिहा. म्हणावं, चूक तुमची होती. आता माणूस गेला. तुमच्यात काही इलम असेल तर ती दोन चित्रं वेगळी करून द्या. माझ्याकडे त्यांचं एवढंच आहे." मग पोरांना जवळ घेऊन म्हणाली, "तिथल्या कुणा कारकुनाने तुमच्या बाबांना पुसलं." मुंबईचा नव्हे, पण कारकून होता हे बरोबर. शेजारीच बसला होता.

दोन दिवस कागद समोर आहे. 'महाशय'च्या पुढे काही जात नाही. लिहिलं, तर सभ्य उत्तर पुन्हा येईल, आणि कुसुम जन्मभर एका निरपराध माणसाला शाप देत राहील. सांगितलं, तर तुमच्या घरातला माझा पाट उठला. तेही एक वेळ चालेल. पण रिळाचं खरं सांगायला बसलो की ती विचारणारच, मग ते खरोखर काय म्हणाले होते? तेव्हा तिच्याकडे उरलेलं तेवढंसं सुखही मलाच काढून घ्यावं लागेल. तुमचं एक चित्र मी एकदा पुसलंय. आता दुसऱ्यांदा पुसू?

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मला माहीत आहे. थांबला असतात. समोरच्याला बोलायला वेळ दिला असतात. तो तुम्ही मला दिलात, मधुकरराव, हातात फडकं धरून. मी घेतला नाही. तुमच्याकडून मी मशीन लावायला शिकलो नाही ते परवा दिसलंच. हेही शिकलो नाही. तरी एक सांगतो: असीरगडच्या वाटेवर मी गेल्या वर्षी कामानिमित्त गेलो होतो. ओहोळापाशी बराच वेळ उभा राहिलो. शेळी आली नाही, वाघ तर नाहीच. पण पाणी चांगलं होतं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

हे सगळं मी आज सकाळी सुमनला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. कोठीचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. माझं वाचून झाल्यावर तिने काड्या गोळा केल्या, सूप बाजूला ठेवलं, आणि म्हणाली, "उद्या सकाळी जा. एकटेच जा. रिळाचं सगळं सांगा, दोऱ्यासकट. काय बोलेल ते ऐकून घ्या. पण ते वाक्य तसंच राहू द्या. तिने विचारलं तर मी सांगेन, मी मागेच उभी होते, मीही ऐकलं. इतक्या वर्षांत तेवढी एकच गोष्ट तुम्हाला धड जमलीय."